उन्हाळी इंटर्नशिपचा शेवटचा आठवडा: सोबत काय न्यायचे, मागे काय ठेवायचे?

निळी रेघ

या आठवड्याअखेर माझी उन्हाळी इंटर्नशिप संपते आहे. स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मी एका अनोळखी मोठ्या शहरात आले आणि पाणीपुरवठ्याच्या जाळ्यांची संगणकीय प्रतिमाने (मॉडेल) तयार करणाऱ्या एका सल्लागार कार्यालयात रुजू झाले. सध्या ओळखीचे सगळे लोक दोनच प्रश्न विचारतात. पुढे तिथेच नोकरी मिळणार का, आणि शहर आवडले का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, परंतु मला छळणारा प्रश्न तिसराच आहे. मी इथे खरोखर जे शिकले ते अहवालात उतरत नाही, आणि अहवालात जे उतरले आहे ते शिकण्यासाठी इतक्या लांब येण्याची गरज नव्हती.

थोडे उलगडून सांगते. जलवाहिन्यांचे व्यास, त्यांची लांबी, आतील पृष्ठभागाचा खडबडीतपणा, टाक्यांच्या पातळ्या आणि ठिकठिकाणची मागणी एवढी माहिती भरली, की ईपॅनेटसारखी प्रणाली जाळ्यातील प्रत्येक बिंदूवरचा दाब आणि प्रत्येक वाहिनीतील प्रवाह काढून देते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ साली प्रथम प्रसिद्ध केलेली ही प्रणाली विनामूल्य मिळते आणि तिची माहितीपुस्तिका कोणालाही घरबसल्या वाचता येते. त्यामागचे, वाहिनीतील घर्षणामुळे दाब किती घटतो ते काढणारे हेझन-विल्यम्स सूत्र तर आम्हाला महाविद्यालयातच शिकवले होते. माझा अहवाल या सगळ्याबद्दल आहे आणि तो चांगला झाला आहे, असे मला संकोच न करता म्हणता येईल.

पण खरा धडा निराळा होता. पहाटे दोन ते चारच्या सुमारास बहुतेक माणसे झोपलेली असतात, त्यामुळे त्या वेळी एखाद्या विभागात शिरणारे पाणी अगदी कमी असायला हवे, आणि ते तसे नसेल तर गळतीचा संशय घ्यावा, हे पुस्तकात असते. माझ्या मार्गदर्शक मॅडम मात्र विभागात शिरणाऱ्या प्रवाहाचा आलेख उघडला की आधी दुसरेच काही पाहत. रेषा तासन्‌तास एकाच आकड्यावर तंतोतंत सपाट दिसली, तर त्या प्रवाहाची चर्चाच करत नसत. मीटर अडकला आहे का, हे विचारायला सांगत. एखाद्या रात्री रेषा पायरीसारखी वर चढून तिथेच थांबली असेल, तर वाहिनी फुटल्याची शक्यता त्या सर्वांत आधी तपासत. आणि रात्रीचा प्रवाह रोजच जास्त असेल, तर गळतीचे नाव घेण्यापूर्वी त्या विचारत की या भागातल्या इमारतींना साठवणटाक्या आहेत का. टाक्या रात्री भरत असतील, तर त्यांत जाणारे पाणी गळती म्हणून मोजले जाते आणि पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

कोणता प्रश्न आधी विचारायचा आणि कोणत्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही, हे मला कोणी एका जागी बसवून शिकवले नाही. ते शेजारच्या खुर्चीवर बसून, दुसऱ्याचे काम चालू असताना, कानावर पडत गेले. मला भीती आहे ती हीच, की जे असे नकळत आले ते नकळत जाईलही. महाविद्यालय सुरू झाल्यावर महिन्याभरात माझ्याकडे फक्त अहवाल आणि प्रमाणपत्र उरेल.

शहराबाबतही माझी स्थिती चमत्कारिक आहे. ज्या वस्त्यांत मी कधी पाऊल टाकले नाही, तिथल्या मुख्य जलवाहिन्यांचे व्यास मला पाठ आहेत. टेकडीलगतचा भाग म्हणजे माझ्या लेखी सकाळच्या वेळी दाब खाली येणारा भाग. प्रत्यक्षात मात्र राहत्या खोलीपासून कार्यालयापर्यंतचा रस्ता आणि त्याच्या आजूबाजूच्या काही गल्ल्या, एवढेच शहर मी पाहिले. सुट्टीच्या दिवशी फिरायचे ठरवून बहुतेक वेळा मी झोपून काढले, आणि त्याचे मला फारसे वाईटही वाटत नाही.

ज्यांनी अशी इंटर्नशिप केली आहे, किंवा ज्यांच्या हाताखाली इंटर्न येऊन गेले आहेत, त्यांनी कृपया सांगावे: या शेवटच्या दिवसांत नेमके काय करून ठेवावे?

पारवा

माझ्या हाताखाली दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी येते, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहितो.

इंटर्न गेल्यावर त्याचा अहवाल आम्ही क्वचितच उघडतो. हे ऐकून वाईट वाटेल, पण खरे आहे. उघडतो ती त्याची फाइल, आणि तीही तीन-चार महिन्यांनी, कोणी तरी आकड्याविषयी शंका काढल्यावर. त्या वेळी आम्हाला निष्कर्ष नको असतो. तो आकडा तिथे का आला, हे हवे असते. अमुक वाहिनीचा खडबडीतपणा मोजला होता, की शेजारच्या जुन्या वाहिनीवरून अंदाजाने धरला होता? अमुक विभागाच्या नोंदी वगळल्या त्या कोणाच्या सांगण्यावरून? कॅलिब्रेशन, म्हणजे प्रतिमानाचे आकडे प्रत्यक्ष मोजमापांशी जुळवणे, जमत नव्हते तेव्हा काय काय करून पाहिले आणि ते का सोडून दिले? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तर जवळजवळ कोणीच लिहून ठेवत नाही, आणि मग पुढचा माणूस त्याच वाटेने जाऊन त्याच भिंतीला धडकतो.

तेव्हा माझी सूचना अशी, की अहवाल बाजूला ठेवा आणि तुमच्या जागी उद्या येणाऱ्या, कामाची काहीच माहिती नसलेल्या माणसासाठी चार पाने लिहा. त्यात पूर्ण झालेल्या कामापेक्षा अपुऱ्या कामाला जास्त जागा द्या. धरून चाललेली गृहीतके एकेक करून मांडा आणि त्यांपैकी कोणती तुम्हाला स्वतःलाच डळमळीत वाटतात, तेही सांगा. मग ती पाने एखाद्या सहकाऱ्याच्या हाती देऊन, तुम्ही शेजारी बसून पण तोंड न उघडता, त्याला तेवढ्यावरून प्रतिमान चालवून पाहायला सांगा. तो जिथे अडेल तिथे तुमचे लिखाण अपुरे आहे.

याचा एक फायदा तुम्हालाही होतो. तुम्ही ज्याला नकळत आलेले शिक्षण म्हणता, ते दुसऱ्यासाठी लिहिताना बाहेर येते. स्वतःसाठी लिहिताना माणूस पुष्कळ गोष्टी गाळतो, कारण त्या त्याला ठाऊकच असतात.

एक सावधगिरीची गोष्ट. जाळ्याचे नकाशे, मीटरच्या नोंदी, प्रतिमानाची फाइल, यांपैकी काहीही स्वतःच्या संगणकावर किंवा ईमेलवर नेऊ नका, ‘फक्त आठवण म्हणून’ तर मुळीच नाही. पाणीपुरवठ्याच्या जाळ्याची माहिती सुरक्षेच्या दृष्टीने नाजूक असते आणि ती तुमची नसते. महाविद्यालयात काय दाखवता येईल, याची परवानगी जाण्याआधी लेखी घ्या.

उंबरठा

पारवा यांच्या प्रतिसादाशी सहमत आहे. मी एका वेगळ्या गोष्टीकडे लक्ष वेधू इच्छिते.

शेवटच्या आठवड्यात सगळ्या उन्हाळ्याचे मूल्यमापन करू नये, असे माझे मत आहे. स्मरणशक्ती शेवटाला अवाजवी वजन देते. डॅनियल कानमन, बार्बरा फ्रेडरिकसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यासाठी पाहण्यासारखा आहे. सहभागी व्यक्तींना एकदा १४ अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यात ६० सेकंद हात बुडवून ठेवायला सांगितले. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद. या वाढीव वेळात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत नेले, म्हणजे त्रास होताच, फक्त थोडा कमी. यांपैकी कोणता अनुभव पुन्हा घ्याल, असे विचारल्यावर बहुसंख्य लोकांनी दुसरा, म्हणजे एकंदरीत जास्त त्रासाचा अनुभव निवडला, कारण त्याचा शेवट बरा होता.

इंटर्नशिपमध्ये नेमके हेच उलटसुलट घडते. शेवटच्या दिवसांत सगळे गोड बोलतात, शुभेच्छा देतात, एकत्र छायाचित्र काढतात, आणि मधले कंटाळवाणे आठवडे पुसले जातात. किंवा अखेरच्या सादरीकरणात कोणी एक तिरकस प्रश्न विचारतो आणि चांगला गेलेला सगळा उन्हाळा त्या प्रश्नाखाली झाकला जातो. म्हणून मी म्हणेन, की आज निकाल देऊ नका. पहिल्या आणि मधल्या आठवड्यांतल्या वहीतल्या नोंदी, वरिष्ठांना पाठवलेले ईमेल, परत आलेले दुरुस्तीचे मसुदे, जे काही त्या त्या वेळी लिहिले गेले आहे, ते वाचा. त्या कागदांना शेवट ठाऊक नव्हता, म्हणून त्यांची साक्ष जास्त विश्वासाची.

काठावरचा

धागा चांगला आहे, पण सूर थोडा जास्तच कृतज्ञतेचा होतो आहे, म्हणून विरुद्ध बाजू मांडतो.

प्रत्येक इंटर्नशिपमधून काही तरी ‘शिकायला मिळालेच पाहिजे’ हा आग्रह मला पटत नाही. मी जिथे गेलो होतो तिथे मला संगणक मिळेपर्यंत बराच काळ लोटला, नंतर जुन्या कागदांना क्रमांक घालण्याचे काम मिळाले, आणि ज्यांनी मार्गदर्शन करायचे ते गृहस्थ सतत दौऱ्यावर होते. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला माझे नाव विचारले. अशा उन्हाळ्यावर चिंतन करून त्यातून संयम, शिस्त वगैरे गुण शोधून काढणे म्हणजे त्या कार्यालयाचा आळस आपणच आपल्या खाती जमा करून घेणे होय. मुलाखतीत सांगण्यापुरते काही तरी बरे सांगावे लागते, हे मान्य. परंतु स्वतःशी तरी माणसाने खरे बोलावे.

निळी रेघ यांचा अनुभव चांगला होता, याचा आनंद आहे. तो सर्वांचा नसतो, एवढेच.

सुईदोरा

काठावरचा यांचे म्हणणे मला पटते, तरीही किरकोळ कामाबद्दल थोडे थांबून बोलावेसे वाटते, कारण सगळे किरकोळ काम एका जातीचे नसते.

जीन लेव्ह या मानववंशशास्त्रज्ञ विदुषींनी लायबेरियातील शिंप्यांकडे उमेदवारी करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला होता, आणि पुढे १९९१ साली एटिएन वेंगर यांच्याबरोबर त्यांनी त्यावर आधारित मांडणी केली. तिथे मुलाला सुरुवातीला कापड कापायला देत नसत. तो आधी शेवटची कामे शिकायचा, म्हणजे गुंड्या लावणे, काठ दुमडून शिवणे. त्यानंतर शिलाई आणि सगळ्यांत शेवटी कापणी. म्हणजे कपडा जसा तयार होतो त्याच्या बरोबर उलट्या क्रमाने. यात शहाणपण असे, की गुंडी चुकली तर ती उसवता येते, कापड चुकीचे कापले गेले तर ते वाया जाते. शिवाय तयार कपडे हाताखालून जात असल्यामुळे, आपण ज्या दिशेने चाललो आहोत ती वस्तू शेवटी कशी दिसते, हे मुलाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते.

माझ्या मते किरकोळ कामाची कसोटी इथे सापडते. निळी रेघ यांनी सुरुवातीला मीटरच्या नोंदी साफ केल्या असतील, तर ते गुंडी लावण्यासारखे काम आहे. त्यातून पुढे आलेख वाचण्याकडे वाट जाते. काठावरचा यांनी घातलेले क्रमांक कुठेच जात नव्हते. दोन्ही कामे सारखीच कंटाळवाणी, पण एकाला पुढची पायरी आहे आणि दुसऱ्याला नाही.

जाता जाता एक कायद्याची गोष्ट. अमेरिकेत एका चित्रपटाच्या निर्मितीवर विनावेतन राबलेल्या इंटर्नांनी वेतनासाठी दावा केला होता. त्या प्रकरणात २०१५ साली तिथल्या अपील न्यायालयाने, या संबंधातून मुख्य लाभ कोणाला झाला, हा प्रश्न केंद्रस्थानी ठेवला, आणि २०१८ साली तिथल्या श्रम खात्यानेही तीच कसोटी स्वीकारली. त्यात जे मुद्दे तपासतात त्यांत एक असा आहे, की इंटर्नचे काम पगारी कर्मचाऱ्यांच्या कामाला पूरक आहे की त्यांची जागा घेणारे आहे; आणि दुसरा असा, की इंटर्नशिप संपल्यावर नोकरीचा हक्क उत्पन्न होत नाही, हे दोन्ही बाजूंना आधीपासून ठाऊक होते का. न्यायालयात जाण्याची वेळ कोणावर न येवो, पण उन्हाळ्याचा हिशेब मांडताना हे दोन प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारायला हरकत नाही. विद्यावेतन मिळत असले तरीसुद्धा.

निळी रेघ

सर्वांचे मनापासून आभार. पारवा, आपली चार पानांची सूचना मी आजच अंमलात आणायला घेतली आणि पहिल्याच पानावर अडले, कारण साठवणटाक्यांचा प्रश्न कोणत्या भागात विचारायचा आणि कोणत्या भागात नाही, हे मॅडम कशावरून ठरवतात, ते मला सांगता येईना. दुपारी त्यांनाच विचारले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, की इमारतींची उंची आणि त्या भागातला पुरवठ्याचा इतिहास; जिथे पूर्वी कधी पाणी ठरावीक वेळीच येत असे, तिथे लोकांनी टाक्या बांधलेल्या असतात, आणि पुढे चोवीस तास पाणी आले तरी कोणी टाकी पाडत नाही. हे उत्तर मला कितीही आलेख पाहून मिळाले नसते. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे, हे आपण कधी शब्दांत मांडले नव्हते, असे त्याही म्हणाल्या.

काठावरचा, आपला आक्षेप मी मोकळेपणाने स्वीकारते. माझ्याबरोबरच रुजू झालेल्या एका मुलाला सगळा उन्हाळा सादरीकरणांचे रंग आणि अक्षरे जुळवायला बसवले होते. त्याने आणि मी एकाच छपराखाली काम केले, प्रमाणपत्रही एकाच मजकुराचे मिळेल, आणि तरीही आमच्या दोन इंटर्नशिप होत्या, असे मला वाटते. त्यात माझा गुण किंवा त्याचा दोष कमी आणि खुर्ची कोणाशेजारी मिळाली याचा भाग जास्त.

चौकोनी चाक

कामाबद्दल भरपूर लिहून झाले. शहराबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून मी बोलतो. शोधनिबंधाचा दाखला दिल्याशिवाय या धाग्यावर प्रवेश नसावा असे दिसते, तेव्हा मीही एक आणला आहे.

केव्हिन लिंच या नगररचनाकाराने बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या तीन शहरांतील रहिवाशांना आपापल्या शहराचे नकाशे आठवणीतून काढायला सांगितले आणि १९६० साली त्यावरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. लोकांच्या मनातले शहर वाटा, कडा, विभाग, गाठीची ठिकाणे आणि खुणा अशा पाच घटकांनी बनते, हे त्याचे म्हणणे पुष्कळांना ठाऊक असते. मला त्यातली एक दुर्लक्षित नोंद जास्त आवडते. ज्यांना शहराची ओळख सर्वांत कमी होती, ते भूप्रदेशाचे चढउतार, मोठमोठे विभाग आणि ढोबळ दिशा यांच्या भाषेत विचार करत; ओळख वाढली की रस्त्यांचे जाळे मनात बसे; आणि ज्यांना शहर सर्वांत चांगले ठाऊक होते, ते विभाग किंवा रस्ते यांच्यापेक्षा छोट्या छोट्या खुणांवर विसंबत.

निळी रेघ यांचे ‘टेकडीलगतचा कमी दाबाचा भाग’ हे वर्णन वाचताना मला ही नोंद आठवली. तुमच्याकडे नवख्या माणसाचे शहर आहे, फक्त ते विलक्षण तपशिलाने भरलेले आहे. आणि खोलीपासून कार्यालयापर्यंतच्या पट्ट्यात मात्र तुमच्याकडे जुन्या रहिवाशाचे शहर असणार. तिथे तुम्ही रस्त्याचे नाव घेऊन नव्हे, तर एखादा वाकलेला खांब किंवा कुंपणाची मोडकी जाळी पाहून वळत असाल. एकाच डोक्यात असे दोन प्रतींचे शहर फक्त मर्यादित काळासाठी आलेल्या माणसाच्याच वाट्याला येते. पर्यटकाला पहिली प्रत मिळते, रहिवाशाला दुसरी.

म्हणून शेवटच्या आठवड्यात प्रेक्षणीय स्थळांची यादी घेऊन धावपळ करू नये, असे मी सुचवेन. एक कोरा कागद घ्या आणि मोबाइल दूर ठेवून शहर काढा. जे भाग निव्वळ कामामुळे ठाऊक आहेत ते एका रंगात आणि जे पायांनी ठाऊक आहेत ते दुसऱ्या रंगात. मग पहिल्या रंगातला एखादा भाग निवडून तिथे खरोखर जाऊन या. कमी दाबाचा तो टेकडीलगतचा भागच निवडा. तिथल्या गच्च्यांवर टाक्या दिसतात का, हे पाहिलेत तर काम आणि फिरणे दोन्ही होईल.

आणखी एक. रोज त्याच वेळी, त्याच बसमध्ये किंवा त्याच फलाटावर दिसणारी, आपण कधी न बोललेली माणसे असतात. स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली त्यांच्यावर लिहिले होते: चेहरा पूर्ण परिचयाचा, पण न बोलण्याचा एक अलिखित करार दोन्हीकडून पाळला जातो. शहर सोडताना कार्यालयातल्या लोकांचा निरोप घेता येतो. या लोकांचा घेता येत नाही, आणि मला स्वतःला प्रत्येक शहर सोडताना चुटपुट लागली ती त्यांचीच. यावर काही उपाय नाही. केवळ नोंद म्हणून लिहिले.

दूरचा पाहुणा

नोकरीचा प्रस्ताव मिळाला नाही तर ओळखी वाया गेल्या, असे समजणाऱ्या मुलांसाठी थोडे लिहितो.

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली ‘पुसट’ ओळखींच्या ताकदीवर निबंध लिहिला. बोस्टनच्या एका उपनगरात नोकरी बदललेल्या लोकांना त्याने विचारले होते, की ज्या ओळखीच्या माणसाकडून नोकरीची बातमी कळली, तो त्या काळात तुम्हाला कितीदा भेटत असे. वारंवार, म्हणजे आठवड्यातून किमान दोनदा, असे सांगणारे १६.७ टक्के निघाले. अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के, आणि वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणारे २७.८ टक्के. कारण साधे आहे. जवळच्या मित्रांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. वेगळी बातमी वेगळ्या वर्तुळातला माणूस आणतो. पुढे २०२२ साली लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवर केलेल्या प्रयोगांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ही गोष्ट थोडी दुरुस्त होऊन पुढे आली: अगदी नावापुरत्या ओळखीपेक्षा मध्यम पुसट ओळखी नोकरी बदलण्यात अधिक उपयोगी पडल्या.

इंटर्नशिपमधले सहकारी नेमके या मधल्या जागेत बसतात. मात्र ती जागा आपोआप टिकत नाही. ‘संपर्कात राहू’ असे सगळेच म्हणतात आणि कोणी राहत नाही, कारण पुढचा संदेश कशाबद्दल पाठवायचा, हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून जाण्याआधी प्रत्येकाशी एखादा खरा, अर्धवट राहिलेला विषय जमवून ठेवावा. मॅडमना सांगा की महाविद्यालयीन प्रकल्पात रात्रीच्या प्रवाहाचे काम हाती घेतले तर काय निघाले ते कळवीन. मग सहा महिन्यांनी लिहिताना ओशाळवाणे वाटत नाही आणि समोरच्यालाही ते कामासाठी केलेले गोडबोलेपण वाटत नाही. शिफारसपत्र लागणार असेल तर ते मात्र आत्ताच मागा. वर्षाने मागितले तर त्यांना तुमचा स्वभाव आठवेल, काम आठवणार नाही, आणि पत्र ‘मेहनती व मनमिळाऊ’ या दोन शब्दांवर संपेल.

निळी रेघ

नोकरीच्या प्रश्नाचे उत्तर आज मिळाले, ते इथे लिहून टाकते: सध्या जागा नाही. मॅडमनी ते वळसे न घेता सांगितले, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. वाईट वाटले, पण सुईदोरा यांनी मांडलेला मुद्दा आधी वाचलेला असल्यामुळे, जे मिळणार म्हणून कोणी कबूल केले नव्हते तेच मिळाले नाही, एवढे तरी स्पष्ट होते.

शेवटचे दोन प्रश्न आहेत. उद्या मॅडमबरोबर अखेरची बैठक आहे. त्यात माझ्या कामातल्या उणिवा त्यांनी खरोखर सांगाव्यात, असे मला वाटते, पण निघण्याच्या वेळी लोक सौजन्यापलीकडे जात नाहीत. त्यांना कसे विचारावे? दुसरे असे, की महाविद्यालयात या कामावर सेमिनार द्यायचा आहे, आणि खऱ्या जाळ्याची माहिती वापरण्याची परवानगी नाही. मग आलेख वाचण्याचा क्रम दाखवायचा तरी कशावर?

पारवा

पहिल्या प्रश्नाबद्दल: ‘माझ्यात काय सुधारणा हवी?’ असे विचारू नका. त्याला ‘छान काम केलेस’ हेच उत्तर येते. तुमचे एक ठरावीक काम समोर ठेवा आणि विचारा, की हे तुम्ही केले असते तर कुठे वेगळे केले असते. माणूस माणसाबद्दल बोलताना जपून बोलतो; कामाबद्दल बोलताना, विशेषतः पेन हातात असेल तर, तो आपोआप खरे बोलू लागतो. छापील प्रत न्या आणि पेन त्यांच्या हाती द्या. त्या खुणा करत असताना स्पष्टीकरण देत बसू नका.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर तुमच्या संगणकावरच आहे. ईपॅनेटबरोबर नमुन्यादाखल काही जाळी येतात. त्यांतले तिसरे घ्या, ज्यात नदी आणि तलाव असे दोन स्रोत आणि तीन टाक्या आहेत. त्याच्या एका भागातील मागणीचा दैनिक आकृतिबंध बदलून रात्री साठवणटाक्या भरण्याची मागणी घाला. दुसऱ्या वेळी ती काढून, त्याच भागातल्या एखाद्या बिंदूवर एमिटर (दाबानुसार पाणी बाहेर सोडणारे काल्पनिक छिद्र) बसवून गळती निर्माण करा आणि पहाटेचा एकूण प्रवाह दोन्ही वेळा जवळपास सारखा येईपर्यंत एमिटरचा गुणांक बदलत राहा. मग वर्गाला पहाटे दोन ते चारचाच तुकडा दाखवून, यांतली गळती कोणती, ते विचारा. तेवढ्या तुकड्यावरून ते ठरवता येणार नाही. नंतर चोवीस तासांचा आलेख उघडा: एमिटरमधला प्रवाह दाबाबरोबर हलतो, म्हणून मागणी कमी असताना, दाब चढल्यावर तो वाढतो, आणि मागणी वाढून दाब उतरला की घटतो, टाक्यांची मागणी मात्र तुम्ही जशी लिहिली तशीच राहते. यात कोणाच्या जाळ्याची काही माहिती लागत नाही. उद्याच्या बैठकीत मॅडमना हा आराखडा दाखवा. परवानगीचा प्रश्न मिटेल आणि तुमच्या मनातला क्रम बरोबर आहे की नाही, तेही त्यांच्याकडून तपासून घेता येईल.